एलातचे प्रवाळ आणि स्टेट कॉलेजचे संशोधन

पोवळे हा शब्द आपल्यापैकी कोणाला नवा नाही. कोकणातल्या आपल्या घरांतून आजीच्या गळ्यात सोन्याच्या मण्यांमध्ये ओवलेली लाल पोवळी पुष्कळांनी पाहिली असतील. हिब्रूत त्याला अल्मोग म्हणतात, आणि इस्राएलमध्ये वाढलेल्या आपल्या नातवंडांना हाच शब्द आधी आठवतो. या पोवळ्यांमागे यहुदी लोकांचा एक जुना इतिहासही आहे. सतराव्या-अठराव्या शतकांत इटलीतल्या लिव्होर्नो बंदरातील सेफार्दी व्यापारी भूमध्य समुद्रातले लाल पोवळे गोव्याला पाठवीत आणि त्याच्या बदल्यात हिंदुस्थानातले हिरे मागवीत. गोव्यातल्या सारस्वत व्यापाऱ्यांशी त्यांचा पत्रव्यवहार वर्षानुवर्षे चाले, आणि बहुतेकांनी एकमेकांची तोंडेही पाहिली नव्हती.

पण दागिन्यातले लाल पोवळे आणि एलातच्या समुद्रातले प्रवाळ हे एकाच गोतावळ्यातले असले तरी सख्खे भाऊ नव्हेत. लाल पोवळे खोल, अंधाऱ्या पाण्यात वाढते. एलातचे प्रवाळ उथळ पाण्यात, उन्हात, गावेच्या गावे वसवून राहते. त्या वसाहतीला हिब्रूत शुनीत आणि मराठीत प्रवाळखडक म्हणतात. समुद्राच्या तळाचा एक टक्काही भाग या खडकांनी व्यापलेला नाही, तरी समुद्रातील सुमारे पाव जातींचे जीव आयुष्यात केव्हा ना केव्हा त्यांच्या आश्रयाला असतात. हे खडक आज जगभर मरत आहेत. एलातचे मात्र पुष्कळसे टिकून आहेत. ते का टिकले, आणि पुढेही टिकतील का, हे समजून घ्यायचे तर आधी प्रवाळ म्हणजे काय हे नीट कळायला हवे. त्यासाठी आपल्याला समुद्रापासून फार दूर जावे लागेल.

अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्याच्या मध्यभागी, डोंगरांच्या रांगांमध्ये, स्टेट कॉलेज नावाचे गाव आहे. कॉलेज हे गावाचे नाव कसे, असे कोणी विचारील. १८५५ साली येथे शेतकऱ्यांच्या मुलांसाठी एक शाळा निघाली. तिचे पुढे कॉलेज झाले, मग पेन स्टेट हे मोठे विद्यापीठ झाले, आणि भोवती वाढलेल्या वस्तीला कॉलेजचेच नाव चिकटले. येथून अटलांटिकचा किनारा गाठायचा तर मोटारीने चार-पाच तास लागतात. अशा गावात प्रवाळाचा अभ्यास करणाऱ्यांची एवढी मोठी फळी कशी, याचे नवल वाटते. तसे पाहिले तर या खोऱ्याखालचा चुनखडीचा दगडही समुद्राचीच ठेव आहे. सुमारे ४५ ते ५० कोटी वर्षांपूर्वी येथे उथळ, उबदार समुद्र होता आणि त्यातल्या चुन्याचे हे थर आहेत. पण शास्त्रज्ञ त्यासाठी येथे आले नाहीत. समुद्रात बुडी मारून नमुने आणायला थोडे दिवस लागतात. ते नमुने वाचायला प्रयोगशाळा, यंत्रे आणि कित्येक वर्षे लागतात, आणि ती सोय विद्यापीठात आहे.

आता मुद्द्याकडे. प्रवाळ हे झाड नव्हे आणि दगडही नव्हे. तो प्राणी आहे, जेलीफिशचा नातलग. प्रत्येक जीव तांदळाच्या दाण्याएवढा, काही जातींत थोडा मोठा, मऊ पिशवीसारखा असतो. वरच्या तोंडाभोवती बारीक बोटांसारखे अवयव असतात. तो आपल्या बुडाखाली चुन्याचा पेला बांधतो आणि त्यात बसतो. असे हजारो जीव एकमेकांना चिकटून वाढले की एक वसाहत होते. पिढ्यान्‌पिढ्यांचे पेले एकावर एक चढले की खडक होतो.

पण हा प्राणी एकटा नसतो. त्याच्या अंगात, म्हणजे अगदी पेशींच्या आत, सूक्ष्म शेवाळ राहते. नखाएवढ्या जागेत त्याच्या पेशींची संख्या दहा लाखांच्या घरात जाते. शेवाळ उन्हावर साखर तयार करते आणि तिचा मोठा वाटा यजमानाला देते. प्रवाळाच्या एकूण गरजेपैकी नव्वद टक्क्यांपर्यंत शक्ती अशी मिळू शकते. बदल्यात प्रवाळ त्याला आसरा देतो आणि स्वतःच्या शरीरातून बाहेर पडणारा नत्र खत म्हणून पुरवतो. प्रवाळाचे तपकिरी-हिरवट रंगही बहुतेक या भाडेकरूचेच.

स्टेट कॉलेजला टॉड लाजनेस नावाचे प्राध्यापक आहेत. त्यांनी आपले बरेचसे आयुष्य या भाडेकरूंची जातकुळी लावण्यात घालवले आहे. पूर्वी या सर्व शेवाळांना एकच नाव देत आणि ती एकाच घराण्यातली मानत. लाजनेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जनुकांची तुलना करून २०१८ साली दाखवून दिले की त्यात अनेक वेगवेगळी घराणी आहेत, आणि प्रवाळ व शेवाळ यांची ही सोयरीक सुमारे १६ कोटी वर्षांची, म्हणजे डायनासोर पृथ्वीवर हिंडत होते तेव्हापासूनची आहे. नुसती नावे बदलून काय साधले, असे वाटेल. पण भाडेकरू कोण आहे यावर घराचे भवितव्य ठरते. काही शेवाळ थोड्याशा उष्णतेने बिथरते. काही मोठे चिवट असते. त्यांतल्या एका घराण्याला नावच ‘कणखर’ या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून दिले आहे, ड्युरुस्डिनियम.

उष्णतेने नेमके काय होते? पाणी नेहमीच्या उन्हाळ्याहून एखाद-दुसऱ्या अंशानेही अधिक तापले आणि तसेच काही आठवडे राहिले, की शेवाळाची साखर करण्याची यंत्रणा बिघडते आणि त्यातून अपायकारक द्रव्ये निघू लागतात. मग प्रवाळ त्याला घराबाहेर काढतो. शेवाळ गेले की रंग जातो आणि अंगाखालचा पांढरा चुना दिसू लागतो. यालाच ब्लीचिंग म्हणतात, हिब्रूत हल्बाना. पांढरे पडलेले प्रवाळ लगेच मेलेले नसते, ते उपाशी असते. पाणी वेळेवर निवले तर शेवाळ परत येते. नाही निवले तर काही आठवड्यांत प्रवाळ मरते आणि त्यावर दुसरेच, गवतासारखे शेवाळ माजते.

यातली एक गोष्ट येथल्याच रोबेर्तो इग्लेसियास-प्रिएतो यांनी आपल्या मेक्सिकोतल्या सहकाऱ्यांबरोबर उलगडली, आणि ती मला सर्वांत विलक्षण वाटते. चुन्याचा पांढरा सांगाडा हा फक्त आधारासाठी नसतो. नवा चुना लावलेल्या खोलीत एका छोट्या खिडकीतूनही लख्ख उजेड पडतो, कारण प्रत्येक भिंत प्रकाश परत फेकते. प्रवाळाचा सांगाडा तसेच करतो. प्रकाश त्यात शिरून पुन्हापुन्हा उसळतो आणि शेवाळाला एकच ऊन अनेकदा मिळते. म्हणून थोड्याशा शेवाळावरही प्रवाळाचे भागते. पण हीच सोय संकटात उलटते. अर्धे शेवाळ निघून गेले की उरलेल्यावर पांढऱ्या भिंतींचा सगळा उजेड पडतो. आधीच उन्हाने बेजार झालेले ते शेवाळ आणखी भाजते आणि तेही जाते. म्हणूनच एकदा सुरू झालेले ब्लीचिंग एवढे झपाट्याने पसरते.

मग सगळीकडे चिवट शेवाळच का रुजवू नये? हा प्रश्न कोणालाही सुचेल. त्याचे उत्तर कॅरिबियन समुद्राने आधीच दिले आहे. २०१५ साली लाजनेस, इग्लेसियास-प्रिएतो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की मूळचे हिंदी आणि प्रशांत महासागरातले एक चिवट शेवाळ कॅरिबियनमध्ये शिरून तेथल्या प्रवाळांत पसरले आहे. हे प्रवाळ उष्णता अधिक सोसते, पण चुना कमी तयार करते. भाडेकरू काटक आहे पण भाडे कमी देतो, असा हा प्रकार. खडक दरवर्षी लाटांनी आणि किड्यांनी झिजतो. चुन्याची भर कमी पडली तर जिवंत दिसणारा खडकही हळूहळू खचत जातो.

याच विद्यापीठात पूर्वी इलियाना बाउम्स यांची प्रयोगशाळा होती. सांबराच्या शिंगासारख्या फांद्यांचे एक प्रवाळ कॅरिबियनमध्ये होते. त्याची फांदी वादळात मोडली की पडते तेथे रुजते, आपल्याकडे शेवग्याची फांदी रोवली की झाड होते तशी. म्हणजे नवी वसाहत ही मूळ जिवाचाच पुढचा भाग असते. २०१६ साली बाउम्स यांच्या गटाने जनुकांत साचलेले बारीक बदल मोजून वय काढले, तेव्हा काही प्रवाळांचा मूळ जीव पाच हजार वर्षांहून अधिक जुना निघाला. आब्राहामच्याही आधीपासून समुद्रात असलेला जीव! एवढ्या काळातले थंडी-ऊन त्याने सोसले. गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत मात्र या जातीची फ्लोरिडात आणि कॅरिबियनमध्ये वाताहत झाली आहे.

आता एलातकडे येऊ. १९९८, २०१० आणि पुन्हा २०१४ ते २०१७ या काळात जगभर ब्लीचिंगच्या लाटा आल्या. २०२४ च्या एप्रिलमध्ये शास्त्रज्ञांनी चौथी जागतिक लाट जाहीर केली. पहिल्या तिन्ही लाटांत ऑस्ट्रेलियापासून लक्षद्वीपपर्यंत प्रवाळे पांढरी पडली, पण एलातच्या आखातात तसे सामूहिक ब्लीचिंग झाले नाही. याचा उलगडा बार-इलान विद्यापीठाचे माओझ फाईन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ साली मांडला.

हिमयुगात समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली गेली होती. तांबड्या समुद्राचे दक्षिणेकडचे दार, बाब-एल-मांदेब, फार उथळ झाले. पाण्याची ये-जा घटली, आतले पाणी अतिखारट झाले आणि प्रवाळ जगू शकले नाही. हिमयुग संपल्यावर दार पुन्हा मोकळे झाले आणि हिंदी महासागरातले प्रवाळ आत शिरू लागले. पण त्या दारापाशी, समुद्राच्या दक्षिण भागात, पाणी कमालीचे तापलेले असते. त्या भट्टीतून जे वाचले त्यांचीच पिल्ले पिढ्यान्‌पिढ्या उत्तरेकडे सरकत हजारो वर्षांत एलातला पोचली. येथे उन्हाळ्यातही पाणी सुमारे २७ अंशांच्या आसपास राहते. म्हणजे एलातच्या प्रवाळांना उष्णता सोसण्याची ताकद पूर्वजांकडून मिळाली आणि घर मात्र थंड मिळाले. प्रयोगशाळेतल्या टाक्यांत नेहमीपेक्षा चार-पाच अंश अधिक तापवलेल्या पाण्यातही तेथली काही प्रवाळे तग धरून राहिली.

चार-पाच अंशांची ही शिल्लक मोठी आहे, पण तिला तळ आहे. आखाताचे पाणीही दरवर्षी थोडे थोडे तापत आहे. शिवाय उष्णता सोसणारे प्रवाळ सगळेच सोसते असे नाही. एलातमध्येच याचे उदाहरण घडले. तेथे समुद्रात जाळ्यांचे पिंजरे टाकून मासे वाढवीत. आपल्या सर्वांच्या ताटात येणारा देनीस त्यातलाच. माशांची विष्ठा आणि उरलेले खाद्य यांतून नत्र पाण्यात जाई. वर सांगितले की प्रवाळ शेवाळाला खत मोजून देते. बाहेरूनच खताचा पूर आला की हा हिशेब बिघडतो आणि खडकावर बाहेरचे शेवाळ माजते. वर्षानुवर्षे वाद झाला, मासेवाल्यांच्या रोजगाराचाही प्रश्न होता, पण अखेर सरकारच्या निर्णयाने २००८ पर्यंत ते पिंजरे उचलले गेले. हवा तापणे एका देशाला थांबवता येत नाही, पण हे करता आले, आणि केले गेले.

तेलाचा प्रश्न अजून तसा सुटलेला नाही. आपण शनिवार तेल्यांचे वंशज, तेलाशी आपले नाते जुने. पण ते घाण्याच्या तेलाशी. खनिज तेल समुद्रात काय करते हे स्टेट कॉलेजच्याच चार्ल्स फिशर यांनी जवळून पाहिले. २० एप्रिल २०१० रोजी मेक्सिकोच्या आखातात डीपवॉटर होरायझन या तेलविहिरीच्या तराफ्यावर स्फोट झाला. त्याच वर्षअखेरीस फिशर आणि त्यांचे सहकारी यंत्राने तळाशी उतरले. विहिरीपासून ११ किलोमीटर दूर, १,३७० मीटर खोल, त्यांना तपकिरी गाळाने माखलेली प्रवाळे दिसली. ही खोल पाण्यातली प्रवाळे शेकडो वर्षे जगतात आणि अतिशय सावकाश वाढतात. फिशर यांच्या गटाने नंतर सात वर्षे त्याच त्याच वसाहतींची छायाचित्रे काढली. ज्या थोड्या माखल्या होत्या त्या पुष्कळशा सावरल्या. ज्या जास्त माखल्या होत्या त्यांच्या फांद्या सात वर्षांनीही गळतच होत्या.

आता एलातच्या बंदरात तेलवाहू जहाजे येतात आणि तेथून नळाने तेल अश्केलोनला जाते. डिसेंबर २०१४ मध्ये हा नळ एलातच्या उत्तरेस एव्रोनाच्या राखीव रानापाशी फुटला आणि सुमारे पन्नास लाख लिटर तेल वाळवंटात पसरले. बाभळी आणि हरणांचे ते रान. तेथली माती अजून पुरती साफ झालेली नाही. सुदैवाने ते तेल समुद्रात गेले नाही. २०२० साली नळ चालवणाऱ्या सरकारी कंपनीने अमिरातीतून येणारे तेल वाहून नेण्याचा करार केला. त्यामुळे एलातला येणाऱ्या टँकरांची संख्या कितीतरी पटींनी वाढली असती. शास्त्रज्ञांनी पंतप्रधानांना पत्र लिहिले, लोक रस्त्यावर आले, आणि पर्यावरण रक्षण मंत्रालयाने वाढीव टँकर येऊ देण्यास नकार दिला. पण हा विषय कायमचा मिटला असे समजू नये. सरकार बदलले की तो पुन्हा वर येतो. माझे मत विचाराल तर १६ कोटी वर्षांची सोयरीक एका नळाच्या भरवशावर सोडू नये. एलातला राहणाऱ्या आपल्या मंडळींनी नगरपालिकेत आणि मतदानाच्या वेळी हा प्रश्न विचारायला हरकत नाही. बंदरात नोकऱ्या आहेत हे खरे. पण प्रवाळ पाहायला येणाऱ्या पाहुण्यांवर चालणाऱ्या हॉटेलांत, दुकानांत आणि बोटींवरही आपल्याच मुलांच्या नोकऱ्या आहेत.

एक गोष्ट आपल्या पंचांगाशी जवळची आहे म्हणून सांगतो. प्रवाळ जागचे हलू शकत नाही, मग त्याची लग्ने कशी लागतात? वर्षातून ठराविक रात्री एका जातीची सगळी प्रवाळे एकाच वेळी आपली बीजे पाण्यात सोडतात. ती रात्र पाण्याची उष्णता आणि चंद्र यांवरून ठरते. सांबरशिंगी प्रवाळाची वेळ आव किंवा एलुलच्या पौर्णिमेनंतरच्या थोड्या रात्रींत असते, आणि बाउम्स यांच्या गटातले लोक त्या रात्री बीजे गोळा करायला पाण्यात उतरत. एलातला तेल अवीव विद्यापीठाचे तोम श्लेझिंगर आणि योस्सी लोया यांनी चार वर्षांत दोनशेहून अधिक रात्री पाण्यात काढल्या. २०१९ साली त्यांनी जाहीर केले की काही जातींचा हा मुहूर्त चुकू लागला आहे. एक आज बीज सोडते, दुसरे चार दिवसांनी. वरवर खडक धडधाकट दिसतो, पण त्या जातींची नवी पिल्ले फारशी सापडत नाहीत. ज्या घरात म्हातारी माणसे ठणठणीत असून पाळणा हलत नाही, त्या घरासारखे ते आहे.

कोकणाचे काय, असे अलिबाग-रेवदंड्याकडचे वाचक विचारतील. आपल्या किनाऱ्याचे पाणी नद्यांच्या गाळाने गढूळ. शेवाळाला ऊन मिळत नाही, म्हणून मोठे प्रवाळखडक तेथे झाले नाहीत. मालवणजवळ, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास, थोडी प्रवाळे आहेत आणि तो भाग १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. खरा ठेवा मात्र विजयदुर्गापासून शंभर किलोमीटरांहून दूर समुद्रात बुडालेला आहे. तेथे पाण्याखाली एक विस्तीर्ण पठार असून त्याचा माथा पृष्ठभागाखाली सुमारे वीस मीटरांवर आहे. पाणी नितळ असल्याने त्यावर प्रवाळे वाढली आहेत. त्या पठाराला अँग्रिया बँक म्हणतात. कान्होजी आंग्र्यांचेच ते नाव, ज्यांच्या कुलाब्याच्या किल्ल्याभोवती आपली गावे होती.

पेसाहच्या सुट्टीत नातवंडांबरोबर एलातला जाणार असाल तर एवढे सांगून ठेवा. पाण्यात प्रवाळाला हात लावायचा नाही आणि त्यावर उभे राहायचे नाही. किनाऱ्यावर पडलेला तुकडाही उचलून आणायचा नाही, कायद्याने ते मना आहे. आपल्याला पोहता येत नसले किंवा गुडघे दुखत असले तरी हॉफ अल्मोगच्या राखीव किनाऱ्यावर पाण्यावरून गेलेले पूल आहेत आणि त्यांवरूनही पुष्कळ दिसते. जवळच पाण्याखालची वेधशाळा आहे; तेथे जिना उतरून गेले की कपडे न भिजता काचेतून खडक पाहता येतो. सकाळी लवकर जावे, तेव्हा गर्दी कमी असते.